गावचा वारा, राजाचा वारा

मी एक जुना वातकुक्कुट आहे. कोंबडा नव्हे बरं का, हरीण! चार पाय, शिंगं, आखूड शेपूट, सगळं लोखंडाचं. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उभं राहायचं, हे माझं काम. तरी मला म्हणतात कुक्कुट. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला गोंधळ हा असा नावापासूनच सुरू होतो.

बुखनरोड गावात राजाची शिकारीची हवेली आहे. तिच्या छपरावर, स्वयंपाकघराच्या धुराड्याशेजारी मी बसवलेला आहे. मला घडवलं गावच्या लेओनहार्ट लोहाराने, तो तरणाताठा होता तेव्हा. घडवून झाल्यावर त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "शिंगं जरा जास्तच झाली. असू दे, राजाचं आहे." धुराड्यातून खालचं सगळं बोलणं मला ऐकू येई. कोबी शिजल्याचा वासही येई, त्याला इलाज नव्हता.

माझा मान फार मोठा होता. हरणाला माणसाचा वास लागला की ते पसार होतं. म्हणून वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला राजाला बसवत. आता बोट ओलं करून वारा बघण्याची अक्कल गावातल्या शेंबड्या पोरालाही होती. पण थोरल्या महाराजांनी नियम घालून दिला होता, की हवेलीवरचं हरीण दाखवील तोच शिकारीचा वारा. शिकारीच्या सकाळी वनाधिकारी आइशिंगरसाहेब अंगणात येत, टोपी काढत, माझ्याकडे बघत आणि खणखणीत आवाजात वारा जाहीर करत. त्या वेळी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटे!

हवेलीची स्वयंपाकीण होती क्रेसेन्झमावशी. तोंडाने फटकळ, पण मनाने लोणी. एका वर्षी गवताच्या कापणीत आई मेलेलं एक पाडस सापडलं. मावशीने त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं आणि नाव ठेवलं कास्पर. तो गावभर हिंडे, लोकांच्या परसातला कोबी फस्त करी. सगळे त्याला शिव्या घालत आणि सगळेच त्याला सफरचंदं देत. मोठा झाल्यावर तो जंगलात गेला, तरी सकाळी पावाच्या तुकड्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी हजर. त्याची शिंगं वाढली, फांद्यांवर फांद्या फुटल्या. माझ्याहून देखणी! मला थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

ती शिंगं आइशिंगरसाहेबांच्या नजरेत भरली. "या शिकारीला हे डोकं महाराजांचं," असं त्यांनी सांगून टाकलं. साहेब दुष्ट नव्हते. त्यांना तो कास्परचा सन्मानच वाटत होता. मला काही समजेना. मारायचं आणि सन्मान म्हणायचं?

शिकारीच्या आदल्या दुपारी धुराड्यातून बोलणं आलं.

"लेओनहार्ट, छपरावरच्या हरणाला तेल घालायला चाललास ना?" मावशी विचारत होती.

"चाललोय."

"मग नुसतं तेल घालून येऊ नकोस."

"मावशी, राजाचा वारा आहे तो! तुरुंगात जाईन मी."

"जा की! तिथे माझ्या हातचं जेवण पोचवीन. घरी तुझी बायको काय वाढते ते ठाऊक आहे मला."

लोहार शिडीवरून वर आला. त्याने मला तेल घातलं, माझं तोंड पूर्वेकडे फिरवलं आणि बुडाशी ओकच्या लाकडाची पाचर ठोकली. ज्याने मला फिरायला शिकवलं, त्यानेच मला जखडलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शहाणा माझा." मी नक्की काय शहाणपण केलं होतं?

सकाळी पश्चिमेचा वारा सुटला, चांगला जोराचा. सगळं अंग तिकडे ओढत होतं, पण पाचर काही हलू देईना. खाली अंगणात राजा, साहेब आणि रान उठवायला जमलेला अर्धा गाव. साहेबांनी टोपी काढली.

"वारा पूर्वेचा!"

माझ्या शेजारच्या धुराड्यातला धूर तर सरळ पूर्वेकडे पळत होता! सगळ्या गावाने तो पाहिला आणि सगळा गाव आपापल्या बुटांकडे बघू लागला. राजाने मान वर केली. "आइशिंगर, धूर उलटा चाललाय."

"स्वयंपाकघराचा धूर तो, महाराज," दारातून मावशी म्हणाली. "त्याला कुठली आलीय शिस्त?"

"खालून येतो ना, त्याला गावचा वारा लागतो," लोहाराने री ओढली. "राजाचा वारा वेगळा."

साहेबांनी एकदा धुराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. "नियमाप्रमाणे पूर्वेचा," ते म्हणाले.

राजाला माळाच्या पश्चिमेला बसवलं. वारा त्याच्या पाठीवरून थेट हरणांकडे. संध्याकाळी परतलेली माणसं अंगणात तोंडं दाबून हसत होती. महाराज म्हणे दिवसभर "मान गार का पडते?" म्हणून विचारत होते, आणि दिवसाअखेर त्यांना दिसला एक साळिंदर! कास्पर तर केव्हाच पूर्वेच्या रानात पसार झाला होता.

जेवताना राजाने मावशीला विचारलं, "बाई, खरं सांगा. आज वारा कुठला होता?"

"चुलीपुढे उभं राहणाऱ्याला सगळीकडून धूरच, महाराज."

मग राजा म्हणाला, "पिठाचा उकडलेला आणखी एक गोळा वाढा." त्याला कळलं होतं का? मित्रांनो, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या सकाळी कास्पर नेहमीसारखा दाराशी आला. मावशी बाहेर आली, आणि तिच्या हातात पाव नव्हता, केरसुणी होती! तिने त्याला झोडपलं. "नीघ! पुन्हा माणसाच्या दाराशी दिसलास तर याद राख!" तो मागे वळून वळून बघत पूर्वेला गेला. मग ती पायरीवर बसून पदराएवढा एप्रन तोंडाशी धरून रडली. जी जीव लावते तीच मारते, आणि मी खोटं बोललो तर शाबासकी! माझी मती गुंग झाली.

कास्पर परत आला नाही. पाचर लोहाराने काढलीच नाही. "पुढच्या वर्षीही शिकार आहेच की," म्हणायचा. मावशी म्हातारी होईपर्यंत रोज सकाळी अंगणात येई, आधी माझ्याकडे बघे, मग मी तोंड करून उभा आहे तिकडे, पूर्वेच्या रानाकडे.

आता राजे गेले. हवेली बघायला पाहुणे येतात, वर बोट दाखवून हसतात. "गंजलाय, अडकलाय बिचारा." उद्या माणसं मला दुरुस्त करायला येणार आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखावी, हे मीही सांगतो. माझा गंज काढा, रंग द्या, शिंगं पुसा. पण पाचर? ती निघाली तर मी पुन्हा खरं बोलू लागेन. तेच तर माझं काम! मग ती राहावी असं मला का वाटतं?

वारा मी खोटा दाखवला. पण कास्पर ज्या वाटेने जिवंत गेला, ती एवढी वर्षं मीच दाखवतो आहे. पाचर काढायची तर काढा. आधी क्षणभर माझ्याशेजारी उभे राहा आणि तिकडे बघा.