मेजरची जागा

मेजर हा कधीच मेजर नव्हता. लष्करात पूल बांधणाऱ्या तुकडीत त्याची बावीस वर्षं गेली, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम अकरा माणसं होती. पण नवा भरती झालेला असताना त्याला दुसऱ्यांची अंथरुणंसुद्धा सरळ करून द्यायची खोड होती, म्हणून बराकीतल्या पोरांनी त्याला हे नाव ठेवलं. नाव सुट्टीत घरी आलं, बायकोने कौतुकाने गल्लीभर केलं, आणि पुढे पोस्टमनही त्याला मेजरच म्हणू लागला.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी साडेसहाला तिच्या छातीत दुखू लागलं. भागातला सरकारी दवाखाना पाचलाच बंद व्हायचा. मोठ्या इस्पितळात पोचायला पन्नास मिनिटं लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि किती वाजता दुखायला लागलं ते विचारलं. त्याने वेळ सांगितली, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

त्यानंतर त्याने दवाखाना रात्रंदिवस उघडा ठेवावा म्हणून अकरा पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. आपलं पत्र मिळालं, एवढंच त्यात होतं. मग विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आणि त्याने अपक्ष म्हणून अर्ज भरला.

मुलगी दूरच्या शहरात नर्स होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला भाषण कुठे येतं?"

"भाषण कशाला? दवाखान्याचं सांगायचं. ते मला पाठ आहे."

बायकोचा धाकटा भाऊ मात्र हरखून गेला. त्याचा छोटा छापखाना होता आणि बहीण गेल्यापासून त्याला दाजींची काळजी लागून राहिली होती. "दाजी, तुम्ही नुसते चाला," तो म्हणाला. "छापायचं, चिकटवायचं, वाटायचं ते माझ्याकडे लागलं."

मग पाच आठवडे मेजर चालला. रोज चाळीस दारं करायची असं ठरलं होतं, पण चाळीस कधीच झाली नाहीत. लोक आत बोलावत, खुर्ची पुढे करत. एका निवृत्त कंपाउंडरने त्याला दीड तास आपल्या गुडघ्यांचा इतिहास ऐकवला आणि मेजरने तो मन लावून ऐकला. एका घरी त्याने बिघडलेली कडी बसवून दिली. मेहुणा वैतागायचा, "दाजी, मतं मागताय की सोयरीक जुळवताय?" मेजर हसायचा. दोन वर्षांत एवढ्या माणसांशी तो बोलला नव्हता. आपल्याला निवडून यायचंय की नुसतं असं दारोदार बसायचंय, हा प्रश्न त्याला एकदा जिना उतरताना पडला, पण पुढचं दार आलं आणि तो राहून गेला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात पाचही उमेदवारांची सभा होती. प्रत्येकाला दहा मिनिटं. उकडत होतं. पुढच्या रांगेतल्या बाया हातातल्या कागदांनी वारा घेत होत्या. मेजरने पाहिलं तर त्या कागदांवर त्याचाच फोटो होता. हे पत्रक त्याने पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या उमेदवाराकडचं घेऊन त्याने वाचलं. 'पुराच्या पाण्यात, शत्रूच्या गोळीबारात, चार साथीदार धारातीर्थी पडले तरी ज्याने पूल पुरा केला, असा आपला मेजर.'

मेहुणा दाराशी उभा होता. त्याने अंगठा वर करून दाखवला.

घटना खरी होती. ती मेजरनेच कधीतरी बायकोला सांगितली होती, तिने भावाला. फक्त अर्धी सांगितली होती.

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. दवाखान्याचं बोलायला तोंड उघडलं, पण समोर ते कागद हलत होते.

"या पत्रकात लिहिलंय ते खरं नाही," तो म्हणाला. "पूल झाला, चार जण गेले, हे खरं आहे. पण मी तिथे नव्हतो. मला कावीळ झाली होती. त्या दिवशी मी तीस मैल मागे लष्करी इस्पितळात उसाचा रस पीत पडलो होतो. मला त्यातलं काही ऐकूसुद्धा आलं नाही. पत्रक छापणाऱ्याची चूक नाही. मीच कुणाला कधी सांगितलं नव्हतं."

मागे कुणीतरी हसलं. बहुधा उसाच्या रसाला. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि आपणच वाजवतोय हे पाहून थांबले. मेजर मग दवाखान्याबद्दल बोलला, पण वेळा चुकल्या, आकडे चुकले, आणि सहाव्या मिनिटालाच तो खाली बसला.

बाहेर आल्यावर मेहुण्याने उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा बगलेत मारला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मला एकट्याला सांगितलं असतं तर मी दुसरं छापलं असतं."

"मला तिथेच कळलं रे."

"माझी बहीण सगळ्यांना सांगायची. किती अभिमानाने सांगायची." एवढं बोलून तो सायकलला किल्ली लावून निघून गेला.

मेजरला सहाशे अठरा मतं पडली. पाच उमेदवारांत तो पाचवा आला. बसगाड्यांचा धंदा असलेले एक उमेदवार तीस हजारांनी निवडून आले, आणि आधीचे आमदार दुसरे. दवाखान्याचं नाव दोघांनीही घेतलं नव्हतं. मतमोजणी केंद्रातून तो चालतच घरी आला, भात लावला, आणि शिट्ट्या मोजायला विसरला.

हरल्याचं त्याला फार वाटलं नाही. लोक वाईट वागले असंही नाही. पण त्याला काय म्हणावं हेच कुणाला कळेना. किराणावाला आधी 'या मेजर' म्हणायचा, तो आता 'या' एवढंच म्हणे. पोस्टमन 'काका' म्हणू लागला. कंपाउंडर रस्त्यात भेटला तेव्हा घाईत होता. गुडघे बरे झाले असावेत. मेहुणा यायचा थांबला. सकाळी बूट चढवून मेजर दाराशी यायचा आणि जायचं कुठे हे न सुचल्याने बूट काढून ठेवायचा.

तीन आठवड्यांनी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. 'तुमच्या सभेची बातमी पेपरात वाचली. कावीळ झालेला मेजर म्हणजे तुम्हीच असणार. मी गाठोड्याची थोरली बहीण. कपडे शिवते. सोमवारी घरीच असते.' खाली पत्ता होता. बसने दोन तासांचा.

गाठोडं. चालत्या ट्रकमध्ये, फळ्यांच्या ढिगावर, कुठेही मुटकुळं करून झोपणारा. त्याला ते नाव मेजरने ठेवलं होतं, आणि बराकीत मेजर ही हाक सगळ्यांत आधी त्याने मारली होती. त्या चौघांतला तो एक.

सोमवारी मेजर गेला. एका खोलीचं घर, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टेकवून शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि स्वतः मशीनच्या स्टुलावरच बसल्या.

"तो गेला कसा ते मला सगळ्यांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "अधिकारी येऊन सांगून गेले, छापूनही आलं. तुम्ही तो असायचा कसा ते सांगा."

मेजरला वाटलं होतं त्याहून हे सोपं निघालं. गाठोडं जेवताना बोलायचं नाही. पत्त्यांत उघडउघड लबाडी करायचं आणि पकडलं की फार खूश व्हायचं. एकदा पहाऱ्यावर उभ्याउभ्या झोपलं, तर मेजरने त्याला खांबाला पट्ट्याने बांधून ठेवलं, म्हणजे साहेबांना लांबून ताठ दिसेल. बाई हसल्या. "घरीसुद्धा दाराला टेकून झोपायचा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा काढला. "सभेत तुम्ही एक सांगितलं नाहीत. त्या दिवशी चौघं पुलाच्या कामाला ज्या नावेतून गेले, तिच्यात चौथी जागा कुणाची होती?"

एकतीस वर्षं मेजर या प्रश्नाची वाट पाहत होता. तो इथे, या खिडकीशी येईल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

"माझी," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "मला ठाऊक आहे. आदल्या दिवशी त्याने पत्र टाकलं होतं. तार आधी आली, पत्र नंतर. 'मेजर पिवळाधमक पडलाय, उद्या त्याच्या जागी मी. बरा झाला की माझे चार पहारे त्याच्याकडून करून घेतो.'" त्यांना ते तोंडपाठ होतं. "तुम्ही सांगता का, तेवढं बघायचं होतं."

"मी आधीच यायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "यायला हवं होतं. आईने फार वाट पाहिली. त्याच्याबरोबरचं कुणीतरी येईल म्हणायची."

बाई उठल्या, स्टोव्ह पेटवून चहा केला, आणि दोघांनी तो घेतला. तो निघाला तेव्हा दारात त्याने विचारलं, "पुन्हा आलो तर चालेल? अजून बरंच सांगण्यासारखं आहे."

बाईंनी थोडा विचार केला. "नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आज बरं वाटलं. पण तुम्ही समोर बसलात की तुमचं वय दिसतं, आणि मी त्याचं मोजत बसते."

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. घरी पोचेपर्यंत सहा वाजले. मुलीचा फोन वाजत होता.

"कुठे होतात? दुपारपासून लावतेय."

"बसने दोन तासांवर, एका ओळखीच्यांकडे गेलो होतो."

"तिकडे कोण आहे आपल्या ओळखीचं?"

"होता एक जण," मेजर म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ऐक, तुला वेळ आहे का? तुझ्या आईलाही मी एक अर्धंच सांगितलं होतं."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "बाबा, वॉर्डात बोलावतायत. रविवारी करू का?"

"रविवारी कर," तो म्हणाला.