घोड्यांचे डोळे

जनरल वाट्याला आला तर माणिकरावांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: पुण्याच्या क्लबात काचेच्या कपाटावर नाव, अनसिंग गावच्या चौकात चार दिवस चर्चा, आणि घरात बायकोच्या एक पायरी वरची जुनी जागा. पहिल्या दोहोंवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

समोर पाटावर १८७० सालचं प्रशियाचं सैन्य वाळत होतं. धातूचे शिपाई, एकेक बोटाच्या पेराएवढा. पुण्याची हौशी मंडळी असली सैन्यं टेबलावर मांडून, फासे टाकून जुन्या लढाया खेळतात. ती रंगवायचं काम क्लबाचा कारभार पाहणाऱ्या, मूळच्या रिठद गावच्या नवीननं या जोडप्याला लावून दिलं होतं. शिपाई माणिकरावांचे, घोडे भागिरथाबाईंचे. जनरल मात्र घोड्यासकट अखंड ओतलेला, म्हणजे एकाच हाताला जाणार. कोणाच्या, ते नवीन आज चार वाजता व्हिडिओवर काम पाहून ठरवणार होता.

"काकूचे घोडे जबरदस्त जमून राह्यले," असं तो मागच्या फोनवर म्हणाला होता. शिपाई नुसते 'चांगले' होते. या दोन शब्दांमधलं अंतर माणिकराव आठवडाभर मोजत होते.

"जेवता काय?" भागिरथाबाईंनी विचारलं.

"तुह्या घोड्यायनंच पोट भरलं माह्यं."

"मंग तुमची भाकर शिपायायले वाढतो," म्हणून त्या हसल्या आणि शेजारी लिलाबाईकडे शेवया करायला गेल्या. जाताना बजावून गेल्या, "डोळे राह्यले घोड्यायचे. मी आल्यावर करतो. हात नका लावू."

आता या घराची एक रीत सांगायला हवी. बावीस वर्षं दोघांनी तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांनी मिरवायचे, लाकडी बैल रंगवले. शिंगं, झूल कोणीही रंगवावी. डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे, म्हणजे रंगवायचे, आणि जो डोळे उघडेल त्याचा बैल. बावीस वर्षं डोळे माणिकरावांनीच उघडले होते. म्हणजे बैल कोणाचे, हे वेगळं सांगायला नको.

त्यांनी बारीक ब्रश घेतला. तासाभरात बाराही घोडे त्यांचे झाले. पांढरा वाटोळा डोळा, मधे काळा थेंब, कानापर्यंत काजळाची रेघ. हाताला दुसरं येत होतं कुठं?

भागिरथाबाई आल्या, पाटाशी वाकल्या. "उघडले?"

"उघडले."

त्या पुढं काही बोलणार, तोच फोन वाजला. माणिकरावांनी आधी शिपाई दाखवले, मग ऐटीत घोडे.

"अरे बाप्पा!" नवीन ओरडला. "काकाजी, हे तं बैलं दिसून राह्यले! पोळ्यात नेता काय पलटण? डोळे कोनं केले हे?"

माणिकरावांना एकाएकी पाटावरची धूळ दिसली. ते ती बोटानं टिपू लागले.

"म्या केले," भागिरथाबाई म्हणाल्या. "हाताले सवय रायते, बाबू."

"काय काकू! घोड्याले निस्ता काळा ठिपका लागते. तेवढं दुरुस्त करा. जनरल मंग काकाजीकडंच देतो. त्याईचं काम साधं हाय, पन भरोशाचं हाय."

फोन बंद झाला.

"काहून म्हटलं तसं?" माणिकरावांनी विचारलं.

"तुमी म्हननार होते काय?"

माणिकराव पुन्हा धूळ टिपू लागले. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणीही हेवाच वाटला: खोटंसुद्धा हिला आपल्यापेक्षा सफाईनं जमतं!

भागिरथाबाईंनी काजळ खरवडलं, चोवीस ठिपके दिले. घोडे पुन्हा घोडे झाले. मग आपले तिन्ही ब्रश धुतले, पदराला पुसले आणि माणिकरावांच्या डब्यात ठेवून दिले.

पंधरा दिवसांनी जनरल आला, माणिकरावांनी रंगवला, कपाटावर नावही त्यांचंच लागलं. तिन्ही गोष्टी मिळाल्या. चूक त्यांची होती, भरपाई तिनं केली. आणि तिनं पुन्हा ब्रश धरला नाही; त्या घरात त्यानंतर घोडे आले नाहीत.