तिघांच्या मालकीचा बोया

मित्रांनो, स्वस्थ बसणं कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी एक जुना बोया आहे, म्हणजे बोटी बांधायचा तरंगता गोळा, खाली समुद्रतळाशी साखळीने जखडलेला. सेंट लुशिया बेटावरच्या आन्स कालबासच्या खाडीत पाण्यावर डोकं काढून मी रात्रंदिवस हेलकावत असतो. लाट आली की वर, गेली की खाली. वाऱ्याने दिशा बदलली की मलाही फिरावं लागतं. जिवाला म्हणून विसावा नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात फोम भरून आणि कमरेला निळा पट्टा रंगवून मला इथे पाठवलं. त्याआधी पाहुण्यांच्या बोटी खाडीत वाटेल तिथे नांगर टाकत. नांगर पडायचा तो थेट प्रवाळावर. पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं प्रवाळ पापडासारखं मोडायचं. प्रवाळ मोडलं तशी मासळी आटली आणि पाहुणेही दुसरीकडे जाऊ लागले. तेव्हा कुठे तिघे जण किनाऱ्यावर एकत्र बसले. टेकडीवरचं हॉटेल चालवणारी मादाम लिओनी, पाहुण्यांना समुद्रतळ दाखवणारा पाणबुड्या ऑस्बर्ट आणि रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मालकीण युडोक्सी. तिला सारं गाव टांटी म्हणतं, म्हणजे मावशी.

नांगराऐवजी बोटी बांधायला खाडीत बोया टाकू, असं दोघांचं म्हणणं, पण टांटी काही केल्या ऐकेना. "इथे माझी रापण पडते. तुमच्या बोयाला बांधलेली बोट सुटून जाळ्यात शिरली तर गाव काय खाईल? पाहुण्यांचे फोटो?"

"खर्च हॉटेल करेल," लिओनी म्हणाली.

"आणि साखळीला मी जपेन, टांटी. दर महिन्याला खाली जाऊन बघेन," ऑस्बर्ट म्हणाला.

"तू? लहानपणी तुला स्वतःची चड्डी जपता येत नव्हती!"

सगळे खो खो हसले आणि त्या हसण्यातच टांटीने होकार दिला.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. माशांचा थवा दिसला की शंख फुंकायचा, गाव रापण ओढायला धावायचं आणि दोराला ज्याचा हात लागेल त्याला माशांचा वाटा मिळायचा, ही इथली रीत. आता पाहुणेही दोर ओढू लागले. लाल झालेले तळवे मिरवत ते आपला वाटा हॉटेलात नेत आणि आचारी ते मासे तळून, उकडलेल्या हिरव्या केळ्यांबरोबर वाढत असे. खाली प्रवाळ पुन्हा धरू लागलं. पेपरात माझा फोटो छापून आला. मी अगदी फुगून गेलो. तसा मी जन्माचाच फुगलेला म्हणा!

मग भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात ना, सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, तसं झालं. ऑस्बर्टचा धंदा वाढला. पैसे हॉटेल देतं तर बघायला माणूसही हॉटेलच पाठवत असेल, असं त्याने धरून टाकलं. ऑस्बर्ट रोज पाण्यातच असतो, बघत असणारच, असं लिओनीला वाटलं. रापणवाले म्हणाले, त्यांची साखळी, आपण कशाला नाक खुपसा? इकडे माझ्या पोटाखाली शेवाळ माजलं आणि साखळीची कडी झिजून करंगळीएवढी उरली. दर लाटेला ती करकरायची. मी ओरडणार कसा? बोटीच्या कडेवर ठकठक डोकं आपटून घ्यायचो. "काय कटकट आहे रे याची!" म्हणून ऑस्बर्ट मला पायाने लांब ढकलायचा.

एका सकाळी समुद्र खवळलेला होता. ऑस्बर्टची बोट मला बांधलेली होती, तो बोटीवर आणि त्याचे पाहुणे पाण्याखाली. तेवढ्यात शंख वाजला. कितीतरी दिवसांनी मोठा थवा खाडीत शिरला होता. माझ्यापासून थोड्या अंतरावर रापण पडली, दोन्ही दोरांना गाव लागलं, जाळ्यात मासे उसळू लागले. आणि नेमकी तेव्हाच माझी कडी तुटली.

बोटीसकट मी वाहत सुटलो. ऑस्बर्टने घाईने इंजिन चालू केलं, तर रापणीचा दोर पंख्यात गुरफटला. बोट जाळं ओढत पाहुण्यांच्या डोक्यावर चालली. ते वर आले असते तर जाळ्यातच गुंतले असते.

"टांटी, खाली माणसं आहेत!" ऑस्बर्ट रडकुंडीला येऊन ओरडला.

रापणीच्या होडीत उभ्या असलेल्या टांटीने जाळ्याकडे पाहिलं. तिच्या आईने विणायला घेतलेलं आणि तिने पुरं केलेलं ते जाळं. गावात दुसरी रापण नव्हती.

"कापा," ती म्हणाली.

"अगं टांटी, एवढे मासे..." होडीतला एक जण म्हणाला.

"कापा म्हणते ना! कान फुटले का तुमचे?"

होडीतल्या माणसांनी सुऱ्या चालवल्या. मासे निघून गेले. पाहुणे खोकत खोकत, पण धडधाकट वर आले. किनाऱ्यावर रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडे माझ्याने बघवेना.

संध्याकाळी तिघे जमले. ऑस्बर्ट लिओनीकडे बोट दाखवी, लिओनी ऑस्बर्टकडे. टांटी फाटक्या जाळ्यावर बसून होती.

"भांडा, पोटभर भांडा. तेवढ्यावर गावाचं जेवण होणार असेल तर," ती म्हणाली. "मादाम, तू स्वतः कधी खाली बघितलंयस?"

"मला पोहता येत नाही, टांटी."

"आणि हॉटेलच्या भिंतीवर एवढे मासे?"

"ते फोटो विकत आणलेत," लिओनी खाली मान घालून म्हणाली.

"मग नवी साखळी लागली की ये. घाबरलीस तर बोयाला मिठी मार. तो काही चावत नाही."

नवी साखळी लागली आणि लिओनी खरंच आली. अंगात फुगीर जाकीट, डोळ्यांवर काच. तिने मला दोन्ही हातांनी असं कवटाळलं की तिची धडधड मला कळत होती. मग तिने पाण्यात तोंड घातलं. खाली ऑस्बर्ट साखळीची एकेक कडी चाचपून तिला दाखवत होता. बऱ्याच वेळाने ती वर आली.

"टांटी, तिथे पिल्लं आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "नखाएवढाले मासे. प्रवाळाच्या फटीत लपलेत, भरपूर!"

"तेच गावाचं पुढचं जेवण," होडीतून टांटी म्हणाली. "नीट बघून ठेव."

मित्रांनो, आता महिन्यातून एकदा तिघंही येतात आणि आपापल्या डोळ्यांनी साखळी बघतात. रापण मात्र अजून विणून पुरी झालेली नाही. म्हणून सांगतो, शाळेचा नळ असो की गावची विहीर, जे सगळ्यांचं आहे त्याच्याजवळून जाताना 'बघेल कुणीतरी' असं म्हणू नका. त्या 'कुणीतरी'ची वाट मी फार दिवस पाहिली. तो येत नाही.