ताणा चढलेला माग

मित्रांनो, मी एक माग आहे. लुगडी विणायचा हातमाग. जुना आहे हे कबूल, पण माझ्याबद्दल बोलताना 'होता' म्हणायची घाई करू नका. ती घाई नुकतीच एकाने केली होती, त्याचीच ही हकिकत आहे.

उमरेडच्या धोंडबा सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवले, ते विणकर बाबनराव आणि मैनाबाईंच्या लग्नाच्या साली. नागपुरात तांडापेठेतल्या त्यांच्या घरी पुढच्याच खोलीत जमिनीत खड्डा खणून माझी स्थापना झाली. बाबनराव खड्ड्यात पाय सोडून बसत, पायांनी पावड्या दाबत आणि हातांनी धोटा फेकत. मैनाबाई सुताला खळ देत, कांड्या भरत. माझ्यावर उतरलेली करवती काठाची, करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीची लुगडी गांधीबागेच्या कापडबाजारात गेली की व्यापारी काठावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "हे बाबनरावाचं." ते माझेही होते, पण मला कोण विचारतो! माझ्या खटखटीवर या घरातली दोन मुले लहानाची मोठी झाली. थोरला मार्तंड इथेच कचेरीत कारकून झाला, धाकटा जागेश्वर इंजिनिअर होऊन जर्मनीला गेला.

मग नायलॉनच्या साड्या आल्या. माझी लुगडी पडून राहू लागली आणि एक दिवस बाबनरावांनी धोटा खुंटीला टांगला. त्यानंतर जे झाले ते सांगतानाही मला राग येतो. माझ्या अंगावर ओले टॉवेल वाळू लागले. रेडिओ आला, तोही माझ्याच डोक्यावर बसला. ज्या खड्ड्यात बाबनरावांचे पाय असत, त्यात कांदे-बटाटे राहू लागले. मी सारे सहन केले. लाकूड आहे, ओरडणार कसा?

यंदा, म्हणजे एकोणीसशे एकोणऐंशी साली, महाशिवरात्रीच्या सुमारास जागेश्वरचे पत्र आले. आईबाबांची विमानाची तिकिटे त्याने काढली होती. जूनमध्ये तो एक मोटारहोम भाड्याने घेणार होता. मोटारीतच ओटा, मोटारीतच खाटा, आणि तीच घेऊन सगळ्यांनी डोंगरदऱ्या हिंडायच्या. या घरातले कोणी सुट्टीला म्हणून कुठे गेलेच नव्हते, आणि पहिली सुट्टी थेट परदेशात, तीही चाकांवरच्या घरात! मैनाबाईंनी पत्रातल्या मापाने माझ्या शेजारी जमिनीवर रांगोळीने त्या गाडीचा आराखडा काढला. रोज दुपारी त्या चौकटीत बसून त्या सराव करीत. उठताना कोपर रांगोळीबाहेर गेले की स्वतःलाच रागवत. भिवापुरी मिरचीचे तिखट, पोहे, वाळवलेल्या भरल्या मिरच्या, सगळ्यांचे डबे माझ्या पुढच्या आडव्या पाट्यावर ओळीने मांडले गेले.

मार्तंडने एका संध्याकाळी त्याचा बेत सांगितला. "बाबा, तुमी तिकडं गेले का मी हा माग काढून टाकतो. बळीराम सुताराले सांगून ठेवलं हाये. इथं सोफा येईन."

बाबनरावांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. ते मला फार लागले. मार्तंड वाईट मुलगा नव्हता, पण कचेरीतले लोक घरी आले की पुढच्या खोलीतला माग त्याला नकोसा होई, हे मला ठाऊक होते.

मैनाबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडल्या होत्या. "त्या गाडीतल्या गाद्यांवर आपल्या आधी कोण निजलं, कोणाले माहीत? दुसऱ्याच्या अंथरुणावर मी नाही निजत."

"धुतलेल्या चादरी भेटतात वं माय तिथं. इथून नेशीन तर लोकं हसतीन," मार्तंड म्हणाला.

"हसू दे! कोष्ट्याच्या घरची बाई हावो मी. माह्या घरात माग असताना दुसऱ्याची चादर काहून घेऊ?" आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. "उठा. कांदे काढा खड्ड्यातले."

बाबनराव उठले, मित्रांनो! गांधीबागेतून सूत आले. मैनाबाईंनी खळ शिजवली. दोघांनी मिळून माझ्यावर उभ्या सुताचा ताणा चढवला, तोही जुन्या सवयीने दोन लुगड्यांचा. मे महिन्याच्या उन्हात सारे नागपूर भाजत होते आणि बाबनराव माझ्या गार खड्ड्यात पाय सोडून विणत होते. मी पहिल्या दिवशी कुरकुरलो, दुसऱ्या दिवशी मोकळा झालो. माझी खटखट ऐकून गल्लीतले म्हातारे दारात येऊन उभे राहिले. एकाच्या डोळ्यांत पाणी होते. मी म्हणालो, रडता कशाला, बघा!

विणायची होती पाच हातांची चादर. पण चाळीस वर्षे लुगडी विणलेले हात ते. पाच हात होऊन गेले तरी थांबले नाहीत. काठावर करवती नक्षी उमटली, शेवटी लाल पदरही भरला गेला आणि तेव्हा कुठे बाबनरावांनी मान वर केली. चादरीच्या जागी नऊवारी लुगडे विणून झाले होते.

"हे काय करून बसलो मी!" बाबनराव ओशाळले. "कापून चादरी करू."

"पदराच्या कापडाले कातर लावाची नाही," मैनाबाई कडाडल्या. त्यांनी लुगडे रांगोळीतल्या खाटेवर अंथरले, दुमडले, पुन्हा दुमडले. चार घड्यांत ते डोक्यापासून पायापर्यंत बरोबर बसले. "पाहा. चादरही झाली अन् गादीही झाली."

निघायला दोन दिवस उरले. पहिले लुगडे उतरवल्यावर दुसऱ्याचा ताणा सुट्या टोकांनी माझ्यावर तसाच होता. आता त्याची गरज नाही म्हणून बाबनरावांनी तो कापायला कात्री उचलली. मैनाबाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. बांधा परत, अन् चार बोटं विणा."

"काहून? आता वेळ कुठं हाये?"

"चारच बोटं विणा म्हणतो ना मी."

आमच्या गल्लीत एक रीत आहे. ताणा चढलेला असताना माग मोडत नाहीत. भरल्या ताटावरून कोणाला उठवल्यासारखे होते ते. बाबनरावांच्या लक्षात आले. ते खड्ड्यात बसले, टोके बांधली गेली, चार बोटे विणून झाली आणि उठताना त्यांनी माझ्या पाट्यावर कपाळ टेकवले. मार्तंड दारातून बघत होता. मैनाबाई त्याला एवढेच म्हणाल्या, "आमी श्रावणात येतो गा. उरलेलं तवा विणू."

ते गेले आणि चौथ्या दिवशी बळीराम करवत घेऊन आला. मी पांढऱ्या सुताने गच्च भरलेला उभा होतो. माझ्याजवळ दुसरे हत्यार नव्हते. बळीरामने मला बघितले आणि करवत पिशवीत परत ठेवली. "ताणा चढेल हाये, मार्तंडराव. माह्यानं नाही होत."

"मग मीच तोडतो," असे म्हणून मार्तंडने कात्री उचलली. माझ्या सुतापर्यंत आणली. त्याचा हात त्या चार बोटांच्या कापडावर पडला आणि तिथेच राहिला. त्याने काठावरून अंगठा फिरवला, जसा व्यापारी फिरवीत तसाच. मग कात्री ठेवली, रेडिओ माझ्या डोक्यावरून उतरवला आणि सोफ्यासाठी दुसरी भिंत मोजायला लागला.

परवा जर्मनीहून फोटो आला. चाकांवरच्या घराच्या खाटेवर मैनाबाई मांडी घालून बसल्या आहेत आणि खाली माझा लाल पदर लोंबतो आहे. मार्तंडने तो फोटो माझ्याच खांबाला लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल. त्याच्यावर फुले वाहू नका, टॉवेलही वाळवू नका. त्याला काम द्या. मला विचाराल, तर मी सध्या जरा गडबडीत आहे. श्रावण जवळ आला आणि माझी फक्त चार बोटे विणून झाली आहेत.