अकरा हिरवे पुडे

मित्रांनो, नखाएवढा दिसत असलो तरी मी एक जुना प्रोसेसर आहे, म्हणजे संगणकाचा मेंदू. माझा जन्म तैवानमधल्या शिंचूचा. माझी घडण अगदी नवी होती, थोड्या विजेवर पुष्कळ काम करणारी. पण नव्याला कोण पुसतो? "जुने प्रोग्रॅम चालतील का?" एवढं विचारून गिऱ्हाइकं पाठ फिरवत. दोन वर्षं मी डबीत पडून होतो. फार वाईट वाटायचं.

शेवटी ताइचुंगचे यंत्र-कारखानदार त्साय मला अजमावायला तयार झाले. बहात्तर तास न थांबता त्यांचं काम करून दाखवायचं. नाही जमलं तर आमचा विभाग बंद, आणि मला घडवणाऱ्या को युन-जू बाईंसकट तीस माणसं घरी.

आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर मक्याच्या खाऊचा पुडा ठेवतात. तो हिरवाच हवा, आणि तारीख उलटलेला नको. एक पुरतो. पण सगळेच धास्तावलेले, ज्याने त्याने आपापला आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अकरा पुडे झाले आणि मला बसवलेल्या संगणकाच्या पेटीच्या हवेच्या जाळ्या पार झाकल्या गेल्या. माझं अंग भाजू लागलं. जळून जाण्यापेक्षा मी वेग निम्म्यावर आणला.

पडद्यावरचे आकडे रांगू लागले, तसे त्साय खुर्ची ओढून समोर बसले. काय बिनसलं ते कोणाला कळेना. युन-जू बाईंनी पेटीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"पुडे काढू नका बाई, अपशकुन होईल," आमच्या विभागातले म्हातारे ल्याव पुटपुटले.

"ल्यावदादा, ते गुदमरतंय हो."

बाईंनी सगळे पुडे उतरवले. मग त्साय यांच्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, त्याची चूक नाही. आम्हीच भिऊन त्याचा श्वास कोंडला."

त्साय यांनी मंदावलेल्या तासांतली सगळी उत्तरं पुन्हा तपासायला लावली. तपासणी संध्याकाळपर्यंत चालली. पण एकही उत्तर चुकलं नव्हतं.

"उकाड्यात माझे कामगारही मंदावतात," त्साय म्हणाले. "माप मात्र चुकता कामा नये. असे वीस हजार प्रोसेसर पाठवा."

बाई तिथेच रडल्या. मलाही भरून आलं.

पुढे माझे भाऊबंद कितीतरी कारखान्यांत गेले. आता आम्ही जुने झालो आहोत. जाळ्यांवर धूळ साचते, कोणी साधी फुंकर मारत नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या संगणकावर वह्या, रुमाल रचू नका. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही नुसते मंदावतो, आणि तुम्ही म्हणता, बिघडलं.