कुठला पूल बंद?

तिठ्यावर येऊन सुनेने गाडी थांबवली. डावीकडचा रस्ता नव्या पुलाकडे जात होता, उजवीकडचा जुन्या. डोंगरावरचा वणवा सकाळीच वस्तीत उतरला होता आणि धुरामुळे भरदुपारी दिवे लावायची पाळी आली होती. टॉवर जळाल्यापासून फोन मुके झाले होते. राहता राहिला गाडीतला रेडिओ, आणि त्यातून येत होती नुसती खरखर.

"...पूल बंद... वाहनांनी..." पुन्हा खरखर.

"कुठला पूल मेल्या, कुठला?" सुनेने रेडिओवर बुक्की हाणली. क्षणभर एक-दोन शब्द उमटले आणि खरखरीत बुडाले.

"नवरा समजून बडवतेस की काय?" मागून सासूबाई म्हणाल्या. दम्याने छाती भात्यासारखी वरखाली होत होती, नाकाशी ओला टॉवेल होता, पण तोंड गप्प बसेल तर शपथ.

सुनेने उतरून टपावरची एरियलची काडी हलवून पाहिली. घट्ट होती. मग तिच्या ध्यानात आलं, बुक्की बसली तेव्हा क्षणभर शब्द उमटले होते. म्हणजे दुखणं आतच. ती शिवणकाम करायची. पर्समध्ये कात्री होतीच. कात्रीच्या टोकाने तिने रेडिओ उचकटून बाहेर ओढला. मागे एरियलची जाड काळी वायर लोंबत होती. तिच्या पिनेवर हिरवा गंज चढला होता, आणि ती धड बसतही नव्हती. सुनेने घाम पुसत पिन खरवडली, दाबली. आवाज आला. हात काढला, गेला.

"सरक," सासूबाई दोन सीटांमधून पुढे वाकल्या आणि वायर बोटांनी दाबून धरली.

"...नव्या पुलाच्या तोंडाशी आग पोचली आहे. जुन्या पुलानेच नदी ओलांडावी..."

सुनेची जाऊ आपल्या दोन्ही पोरांना घेऊन मघाशीच पुढे निघाली होती. नव्या पुलाकडे.

सुनेला सासूबाईंच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे बघवेना.

"आई, आधी तुम्हाला पलीकडे सोडते, मग..."

"मग काय राख गोळा करायला जाशील? डावीकडे घे!"

"तुमचा श्वास..."

"माझा श्वास मी बघते. तू रस्ता बघ."

हॉर्न दाबून धरत सुनेने गाडी पिटाळली. वाहनांची रांग खोळंबली होती. पुढे धुरात लाल भगभगत होतं. रांगेच्या शेपटाला जावेची गाडी दिसली. सुनेने खाली उतरून काच बडवली. "वळव! हा पूल बंद आहे!"

"कोण म्हणालं?"

"रेडिओ! वळव आधी, भांडण नंतर!"

जाऊ वळली. तिच्या मागची चार वाहनं वळली. पुढच्यांना ओरडून सांगताना सुनेचा घसा फाटला. काहींनी ऐकलं, काहींपर्यंत आवाजच पोचला नाही.

जुना पूल ओलांडला तेव्हा सासूबाईंची शुद्ध हरपली होती. पलीकडे उभ्या रुग्णवाहिकेतल्या परिचारिकेने त्यांच्या तोंडावर मास्क चढवला. दोघी जावा रस्त्यातच फतकल मारून, एकमेकींचे हात घट्ट धरून, मास्कवर वाफ धरते का ते बघत राहिल्या. धरली.

सासूबाई वाचल्या. आवाज मात्र पार बसला तो बसलाच. सुनेला टोमणे मारायचे तरी तिला जवळ बोलवावं लागे.