देवाच्या पालखीचा डावा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे, आणि तोही मोडलेला. माझ्या मधोमध चामड्याची जाड पट्टी आवळलेली दिसते ना, तिच्याखाली माझी जखम आहे. सध्या माझ्यावर कांद्याच्या माळा वाळत असतात. पण एके काळी माझ्या आधारावर प्रत्यक्ष देव बसत असे.

माझा जन्म फार उत्तरेला, समुद्रापलीकडच्या डोंगरात झाला. मी देवदार होतो. मला तोडून नाईलवरच्या एका धान्याच्या नावेची डोलकाठी केले. पुढे ती नाव वाळूत रुतली आणि तिचे तुकडे झाले. त्यांतला मी इपुय नावाच्या सुताराच्या वाट्याला आलो. इपुयचा हात प्रेमळ होता आणि तोंड शिवराळ. मला तासताना तो सारखा म्हणे, "सरळ राहा रे मेल्या, उद्या तुझ्यावर देव बसायचाय." त्याने मला वाळूने घासले, एरंडेल पाजले आणि माझ्या पुढच्या टोकाला कमळाची कळी कोरली. त्या कळीचा मला फार गर्व होता. उजव्या दांड्याची कळी जरा वाकडी झाली होती, हे मी कधी कोणाला बोललो नाही. आज बोललो.

आमचे गाव डोंगराच्या कुशीत होते. गावातले पुरुष राजांच्या कबरी खोदत आणि रंगवत. राजा गादीवर बसला की दुसऱ्या दिवसापासून त्याची कबर खोदायला घेत, आणि यात राजालाही काही वावगे वाटत नसे. मरणाची तयारी आमच्याकडे लग्नाच्या तयारीसारखी उघडपणे चाले. पाणी घेऊन येणाऱ्या गाढवांची वाट पाहत बसलेल्या बायका एकमेकींना सहज विचारत, "तुमची शवपेटी कुठवर आली? आमच्यांच्या पेटीला अजून झाकण नाही."

गावचा देव हादेखील पूर्वीचा एक राजाच होता. त्यानेच गाव वसवले म्हणतात. जिवंतपणी तो राज्य करी. मेल्यावर आमच्या भानगडी सोडवू लागला. दुसरे काम जास्त कठीण असावे, कारण त्याच्या मूर्तीचा चेहरा कायम थकलेला दिसे.

सणाच्या दिवशी त्याची पालखी निघे. आठ खांदेकरी डोकी तुळतुळीत भादरून, पांढरी वस्त्रे नेसून आम्हाला उचलत. लोक कौल मागत. पालखी पुढे सरली तर होय, मागे सरली तर नाही. मला पुष्कळांनी विचारले आहे की पालखी देव हलवतो की खांदेकरी. मित्रांनो, मी लाकूड आहे. मला देवाचे मन कळत नाही, खांद्यांचे मात्र कळते. एकदा एकाने विचारले, सासूला कायमची घरी राहायला आणू काय? पालखी इतक्या वेगाने मागे गेली की मागचे दोघे बिअरच्या रांजणांवर जाऊन बसले. आठही खांदेकरी कोणाचे ना कोणाचे जावई होते.

असे माझे दिवस मानाने चालले होते. मग मुकादमाचे प्रकरण उभे राहिले.

कबरीच्या कामावरचा मुकादम होता पेंदुआ. गळ्यावर गळा चढलेला, मानेने बैलासारखा, आणि गेली बारा वर्षे मरणाच्या दारात. सकाळी त्याच्या काळजात कळ येई, दुपारी पोटात गोळा उठे, संध्याकाळी गुडघे जात. मग तो खाटेवर पडून सगळ्यांना बोलावी आणि म्हणे, "मी आता पश्चिमेला, मेलेल्यांच्या मुलखात निघालो." पहिल्या वर्षी लोक रडले. दुसऱ्या वर्षी नुसते बसून राहिले. तिसऱ्या वर्षापासून बायका येताना सूत काढायला घेऊन येऊ लागल्या.

त्याने स्वतःसाठी दोन शवपेट्या करवून घेतल्या होत्या. पहिलीवरचा चेहरा त्याला आजारी वाटला, दुसरीवरचा परका. दोन्ही त्याने नातेवाइकांना देऊन टाकल्या. मग त्याचा डोळा गेला वाबेतच्या पेटीवर.

वाबेत ही गावची सुईण. तिचा नवरा पाशेद गावातला सर्वांत चांगला चितारी होता. मरण्यापूर्वी त्याने बायकोसाठी एक पेटी रंगवली. झाकणावर वाबेतचा तिशीतला चेहरा, हनुवटीवरच्या तिळासकट. आतल्या अंगाला बदकांची रांग, कारण तिला बदके आवडत. पेटी घराच्या पुढच्या खोलीतच असे. वाबेत तिच्यात मसूर ठेवी, आणि उन्हाळ्यात मसूर काढून दुपारची तिच्यातच झोपे. आत गार वाटते म्हणे.

पेंदुआने दावा केला की पेटीचे लाकूड आपण मिळवून दिले होते आणि पाशेद स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, "मुकादम, ही पेटी तुमचीच."

वाबेतने पंचांना सांगितले, "तो सगळ्यांनाच असं म्हणायचा. दारात कुणी आलं की म्हणायचा, बसा, घर तुमचंच आहे. मग काय घर वाटून टाकू?"

झाकणावर बाईचा चेहरा आहे त्याचे काय, असे पंचांनी विचारले. पेंदुआ म्हणाला, त्यावर दाढी रंगवली की झाले. पंचांनी खूप विचार केला आणि सणाच्या दिवशी देवाला विचारायचे ठरवले. मुकादमाचा वाईटपणा घ्यायला कोणीच तयार नव्हते.

आता अडचण अशी होती की माझे आणि उजव्या दांड्याचे मिळून आठही खांदेकरी पेंदुआच्या हाताखालचे. सणाच्या आधी त्याने त्यांना घरी बोलावले, भाकरी-बिअर दिली आणि पेटीचा एक शब्दही काढला नाही. फक्त एवढेच म्हणाला की पुढच्या महिन्यात कबरीच्या अगदी आतल्या टोकाला खोदकाम सुरू होईल, तिथे धूळ फार, आणि माणसे अजून ठरवायची आहेत. हे मला कळले ते खांद्यांवरून. सणाच्या सकाळी त्यांनी मला उचलले तेव्हा सगळे खांदे आधीच पुढे झुकलेले होते.

देवळापुढे सारा गाव जमला होता. पेंदुआ बायकोच्या आधाराने, काठी टेकत, शाल पांघरून आला आणि एका चौरंगावर बसला. बसताना तो इतका कण्हला की देवळावरची कबुतरे उडाली. लेखनिक हारशिरेने मडक्याच्या खापरीवर लिहिलेला प्रश्न वाचला, "ही पेटी मुकादम पेंदुआची आहे काय?"

वाबेत पालखीसमोर येऊन उभी राहिली. ती गयावया करील असे लोकांना वाटले. तिने देवाकडे पाहिलेसुद्धा नाही. ती माझ्याखालच्या तिसऱ्या खांद्याकडे पाहत होती. तो काझाचा होता. काझा पाशेदच्या हाताखाली रंगकाम शिकलेला.

"काझा," ती म्हणाली, "तू पायाळू. दोन दिवस तुझी आई अडली होती. त्या दोन दिवसांत मी एकदाही विचारलं नाही, की हे पोर मोठं होऊन कुणाच्या हाताखाली काम करणार आहे."

एवढे बोलून ती बाजूला झाली.

मित्रांनो, घाम मी पुष्कळ पाहिला आहे. पण काझाच्या खांद्याला त्या क्षणी जो फुटला तसा नाही. त्या आठांपैकी सहा जण वाबेतच्या हातांवर जन्मले होते. पुढच्या दोघांनी पाऊल पुढे टाकले. काझाने मागे टाकले. त्याच्या मागचाही मागे गेला. उजव्या बाजूला कोणी पुढे, कोणी मागे, आणि एक जण डोळे मिटून जागच्या जागी. देव मधोमध डुलू लागला. मी ताणला गेलो, पिळला गेलो. इपुय गर्दीतून ओरडला, "अरे, लाकूड आहे ते, दोर नाही!"

आणि मी कडकन मोडलो.

पूर्ण नाही. माझे चार धागे तेवढे धरून राहिले. पण पालखी डावीकडे कलंडली, सोन्याने मढवलेला देव बांधलेल्या पट्ट्यांत तिरपा झाला आणि सारा गाव जागच्या जागी थिजला. देव जमिनीवर पडला तर त्या गावाचे काय होते हे कोणालाच माहीत नव्हते, कारण तसे कधी झाले नव्हते.

तेवढ्यात एक काठी हवेत उडाली. तिच्यामागे शाल उडाली. चौरंग उलटला. आणि मरणाच्या दारातला पेंदुआ वीस पावले धावत आला, पालखीच्या तळाखाली शिरला आणि त्याने चार माणसांचे वजन एकट्याच्या खांद्यावर घेतले.

"उजवे, खाली बसू नका!" तो गरजला. "काझा, देवाला हात लाव. इपुय, टेकू आण. घाई नको, मी धरलंय!"

त्याने खरेच धरले होते. इपुय घरी जाऊन दोन ओंडके घेऊन येईपर्यंत त्याने धरले. पहिला ओंडका आखूड निघाला म्हणून इपुय पुन्हा गेला, तोपर्यंतही धरले. खांदा हलला नाही. मी त्याच्या कानाशीच लोंबत होतो. त्याचा श्वास भात्यासारखा संथ चालला होता.

पालखी टेकवली गेली. मग सूत काढणाऱ्या बायकांपैकी एकीला हसू आवरेना. पेंदुआने इकडेतिकडे पाहिले. आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आले आणि तो खोकू लागला. पण त्याला फार उशीर झाला होता.

वाबेत म्हणाली, "भाऊजी, पेटी कुणाला हवी म्हणालात?"

सगळा गाव हसला. हारशिरे मात्र घामाघूम झाला होता. देव पुढे गेला नव्हता, मागेही गेला नव्हता, आणि खापरीवर काहीतरी लिहिणे भाग होते. त्याने बोरू दोनदा चावला आणि लिहिले: देवाने मुकादमाच्या खांद्यावर बसून त्याची प्रकृती उत्तम असल्याचे सर्वांस दाखवले. सबब पेटीची घाई नाही.

लोक पांगले. मी देवळाच्या पायरीपाशी पडून होतो, म्हणून पुढचे मी ऐकले. पेंदुआ पायरीवर बसला होता. आता तो कण्हत नव्हता. वाबेत त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

"माझा बाप बोगद्यात दबला, वहिनी," तो हळूच म्हणाला. "पेटी नव्हती. चटईत गुंडाळून पुरला आम्ही. मेल्यावर ओसिरिसदेवाच्या दारात चटईतल्या माणसाला कोण ओळखणार? रोज सकाळी वाटतं, आज मीही असाच जाणार."

वाबेतने पाण्याचे भांडे त्याच्या हातात दिले. मग तिने विचारले, "नाव काय त्यांचं?"

"पियाय."

"बारा वर्षं आमच्याकडून पाय चेपून घेतलेत, हे एकदा नाही सांगितलंत." ती त्याच्या शेजारी बसली. "काझाकडून नवी पेटी रंगवून घ्या. पाशेदचाच हात आहे त्याला. आणि आतल्या बाजूला, तुमच्या डोक्याशी, वडलांचं नाव लिहून घ्या. तुम्ही दारात गेलात की दोघांची नावं सांगा. नाव असलं की ओळखतात."

पेंदुआने तोंड धुण्याच्या निमित्ताने पाणी चेहऱ्यावर मारून घेतले.

काझाने पेटी रंगवली. तिच्यावरचा चेहरा खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाचा होता, आणि पेंदुआला तो चक्क आवडला. आत पियायचे नाव मोठ्या अक्षरांत आले. काझाला धुळीच्या बोगद्यात कोणी पाठवले नाही. पेंदुआने कण्हणे सोडले का? छे. सवय ती सवय. पण लोकांना खाटेभोवती बोलावणे त्याने बंद केले.

इपुयने मला ओल्या चामड्याने आवळून बांधले. चामडे वाळले तसा मी पुन्हा सरळ झालो. तरी देवाला मोडका दांडा चालत नाही. माझ्या जागी नवा आला, आणि मी इपुयच्या अंगणात पडलो. वर्षभर मला कोणी विचारले नाही. गाढवांनी माझी कमळाची कळी चाटून गुळगुळीत केली. मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

चार वर्षांनी वाबेत गेली. तिची पेटी डोंगरावर न्यायला दांडे हवे होते, तेव्हा पेंदुआ स्वतः अंगणात आला आणि मलाच मागू लागला. इपुय म्हणाला, हा मोडेल. पेंदुआ म्हणाला, मोडला तर मी आहे. तो माझ्या पुढच्या टोकाशी राहिला. चढाच्या पूर्ण वाटेवर तो गुडघ्यांबद्दल कुरकुरत होता, पण तीनदा विचारूनही त्याने खांदा बदलू दिला नाही. माझ्यावर वाबेतचा तिशीतला चेहरा होता, हनुवटीवर तीळ, आभाळाकडे पाहणारा. मी देव पुष्कळ वाहिला आहे, मित्रांनो. इतका जपून मी कधीच गेलो नव्हतो.

पेंदुआ त्यानंतर पंधरा वर्षे जगला.

आता तुम्हाला माझी विनंती आहे. जुना दांडा भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नका; तो वाकतो. त्याला आडवा निजवा, वर्षातून एकदा तेल द्या. चार जण मिळून काही उचलणार असाल, तर कुठे जायचे ते उचलण्याआधी ठरवा. मी वजनाने मोडलो नव्हतो. आणि तुमच्या घरात कोणी रोज 'मी आता निघालो' म्हणत असेल, तर हसायला हरकत नाही. आम्हीही हसलो. पण हसून झाल्यावर त्याच्याजवळ थोडे बसा, आणि त्याला कोणाचे नाव सांगायचे राहिले आहे, ते विचारा.